शनिवारी चार ते पाच

नगरपालिकेची निवडणूक तिसऱ्यांदा पुढे ढकलली, ही बातमी कवळीवाल्यांच्या घरी सकाळी सात वाजता पोचली आणि त्यांच्या वडिलांनी अर्धी झालेली दाढी तशीच सोडून दिली.

मतदान काही त्या दिवशी नव्हतं. नुसती तारीख जाहीर व्हायची होती. पण वडिलांचं वय चौऱ्याऐंशी, उभी हयात मोजणीखात्यात साखळी ओढत गेलेली, आणि वयात आल्यापासून एकही मतदान चुकलेलं नाही. तारीख जाहीर व्हायची म्हणजे माणसानं नीटनेटकं असावं, असं त्यांचं मत. एका गालाला साबण तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "आता कधी?"

"सहा महिन्यांनी म्हणतायत."

वडिलांनी मनातल्या मनात काहीतरी मोजलं. जमिनीचा अंदाज ते नुसत्या नजरेनं सांगत आणि सहसा चुकत नसत. "नाही," ते म्हणाले. "एवढं अंतर नाही राहिलं माझं."

पालिका बरखास्त करून तिथं प्रशासक बसवला त्याला साडेतीन वर्षं झाली होती. बसवला तेव्हा सहा महिन्यांसाठीच बसवला होता. सहा महिने या शब्दाचा अर्थ त्या गावात हळूहळू बदलत गेला, इतकंच.

कवळीवाले हे त्यांचं नाव नव्हे, धंदा. दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून ते लोकांच्या कवळ्या बनवत. मेण, गुलाबी हिरडी, प्लास्टरचे जबडे आणि एक खिडकी, असा तो संसार. गावातल्या निम्म्या हसण्यामागे आपला हात आहे असं ते म्हणत, पण खासगीत. एरवी त्यांनी आयुष्यात कुणापुढे आवाज चढवला नव्हता. त्या संध्याकाळी जेवताना मात्र त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कुणीतरी रस्त्यावर उतरलं पाहिजे."

त्यांची बायको रुग्णालयात परिचारिका. आठ तास उभं राहून आलेली बाई मोठ्या वाक्यांना बधत नाही. ती म्हणाली, "मग उतरा की. जाताना तेवढा कचरा खाली न्या."

कचरा टाकून वर येईपर्यंत कवळीवाल्यांचा निश्चय झाला होता. थोर माणसांचे निश्चय डोंगरमाथ्यावर वगैरे होतात असं ऐकलं आहे. यांचा दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात झाला.

पहिली सभा त्यांच्याच बाहेरच्या खोलीत भरली. माणसं अकरा आणि खुर्च्या सहा, त्यामुळे चळवळीत पहिली फूट तिथंच पडली. बसलेले लोक सावकाश विचार करण्याच्या बाजूचे होते आणि उभे असलेले ताबडतोब निर्णय घेण्याच्या.

पालिकेच्या इमारतीसमोर उभं राहायचं एवढं ठरलं, कवळीवाल्यांनी शनिवार सुचवला आणि पहिला प्रश्न वाराचाच निघाला. तळमजल्यावरचे विमेवाले, म्हणजे विम्याचे एजंट, ज्यांना जन्माला आलेलं मूल पाहूनही आधी त्याचा शेवट दिसतो, ते म्हणाले, "शनिवार? शनिवारी त्या इमारतीत असतं कोण? एक पहारेकरी. आंदोलन म्हणजे समोरच्याला त्रास झाला पाहिजे. पहारेकऱ्याला त्रास देऊन निवडणूक लागते का?"

"मग सोमवारी करू," समोरच्या इमारतीतल्या शिंपीणबाई म्हणाल्या. "तुम्ही सोमवारी याल?"

"सोमवारी मला कामं आहेत."

"मंगळवारी?"

"मी तत्त्वाचं बोलतोय, बाई. माझं काय घेऊन बसलात!"

सगळ्यांची रजा, सगळ्यांची दुकानं, सगळ्यांच्या बायकांच्या कामाच्या पाळ्या असा हिशेब मांडल्यावर मोकळा वार एकच उरला. रविवार चालला असता, पण रविवारी लोकांना आपापल्या घरी भांडणं असतात. शेवटी शनिवार ठरला, चार ते पाच. चारच्या आधी माणसं झोपलेली असतात आणि पाचनंतर भाजी चांगली मिळत नाही.

दुसरा प्रश्न, घोषणा द्यायच्या की नाही. कोर्टातले निवृत्त बेलिफ तिथं हजर होते. लोकांच्या दारावर नोटिसा चिकटवण्यात त्यांचा जन्म गेलेला, त्यामुळे कायद्याची भाषा त्यांना जवळून माहीत होती, अर्थात दाराच्या बाहेरच्या बाजूनं. ते म्हणाले, "शांततामय. घोषणा दिली की आवाज, आवाज झाला की तक्रार, तक्रार आली की आपण आरोपी." 'शांततामय' म्हणावं की 'शांततापूर्ण', यावर पाऊण तास गेला. तो वाद इतका तापला की वडिलांना आतल्या खोलीतून येऊन विचारावं लागलं, "कुणाला लागलं का?"

मग फलक. बेलिफांनी मजकूर सांगायला घेतला. "नागरिकांच्या सनदशीर हक्कांस अनुसरून, नगरपालिकेची प्रलंबित निवडणूक विनाविलंब..."

"कापड सात हात आहे," शिंपीणबाई म्हणाल्या. कुणाच्या तरी पडद्यातून उरलेलं राखाडी कापड त्यांनी देऊ केलं होतं. "सात हातांत काय बसतं ते सांगा."

सात हातांत 'निवडणूक घ्या' एवढंच बसत होतं. बाईंनी काळ्या अस्तराची अक्षरं कापून शिवली. सुरुवात त्यांनी सढळ हातानं केली, त्यामुळे 'निवडणूक' सहा हात झालं आणि 'घ्या' उरलेल्या हातभर जागेत, दाटीवाटीनं उभं राहिलं. लांबून फक्त 'निवडणूक' दिसे. आंदोलन सुरू होईपर्यंत ते बाईंच्या दारात टांगलेलं होतं, तेवढे दिवस लोक येऊन विचारायचे, "उमेदवार कोण?"

परवानगी काढायला कवळीवाले एकटेच पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या कारकुनानं छापील अर्ज पुढे केला. त्यात रकाने होते: मिरवणूक, लग्न, ध्वनिक्षेपक, इतर.

"वाद्य?"

"नाही."

"घोषणा?"

"नाही."

"भाषण?"

"नाही."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "मग करणार काय तुम्ही?"

"उभे राहणार."

"उभं राहायला परवानगी लागत नाही." कवळीवाले उठायला लागले तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "एकट्याला. अकरा जण एका जागी उभे राहिले तर लागते. शिवाय जागा पालिकेची. पालिकेचं ना-हरकत पत्र आणा."

"पालिका बरखास्त आहे."

"मग प्रशासकांचं आणा."

"पण आम्ही प्रशासकांच्याच..." कवळीवाले थांबले. कारकुनानं 'इतर' या रकान्यात 'उभे राहणे' असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि अर्ज परत दिला.

त्या अर्जासाठी त्यांनी पालिकेच्या कचेरीत सहा फेऱ्या मारल्या. आयुष्यभर इतरांच्या दातांची काळजी घेतलेल्या माणसानं तिथं स्वतःच्या दातांच्या कण्या केल्या. प्रशासक बैठकीत असत, दौऱ्यावर असत, नाहीतर जेवायला गेलेले असत. आणि सातव्या दिवशी स्वतः प्रशासकच कवळीवाल्यांकडे आले.

म्हणजे दवाखान्यात आले. त्यांची जुनी वरची कवळी फुटली होती, खालची आधीच सैल. गेले दोन महिने त्यांचं बोलणं कुणाला नीट कळत नव्हतं आणि कचेरीतले लोक आपापल्या सोयीनं अर्थ लावत होते. दंतवैद्यानं नव्या कवळीचा मेणाचा नमुना तोंडात बसवून बघण्यासाठी मागच्या खोलीतून कवळीवाल्यांना हाक मारली.

गावाचा धनी खुर्चीत आडवा पडला होता, तोंडाचं बोळकं उघडं, छातीवर कागदी रुमाल. कवळीवाल्यांनी चावा पाहिला, मेण खरवडलं, पुन्हा पाहिला. कामात ते कुचराई करत नसत, तोंड कुणाचंही असो. नमुना बाहेर काढल्यावर त्यांनी एप्रनच्या खिशातून अर्ज काढला. दंतवैद्य डोळ्यांनीच नको नको म्हणत होता.

प्रशासकांनी अर्ज दोनदा वाचला. मग त्या बोळक्यातून म्हणाले, "शनिवारी? शनिवारी मी नशतो तिथं."

"हो साहेब."

"कुणीच नशतं."

"हो."

"मग उभे राहा की. माजी काय हरकत अशणार?" आणि त्यांनी तिथंच, कागदी रुमालावर अर्ज ठेवून सही केली. अगदी प्रसन्नपणे केली.

नकार मिळाला असता तर कवळीवाले ताठ मानेनं घरी आले असते. मिळालेल्या परवानगीनं त्यांची मान खाली गेली. विमेवाल्यांना ते जिन्यात भेटले तेव्हा विमेवाले म्हणाले, "बघा! ज्याच्या विरुद्ध करायचं तोच हसत परवानगी देतो, म्हणजे काय समजायचं ते समजा." कवळीवाल्यांनी समजायचं ते समजलं होतं. पण कागद हातात होता, कापड शिवून तयार होतं, आणि वडिलांनी सकाळपासून दोनदा विचारलं होतं, "शनिवारी आहे ना नक्की?"

पहिल्या शनिवारी अकरातले सात जण आले. पालिकेच्या फाटकाला कुलूप होतं. ते फाटकाकडे तोंड करून रांगेत उभे राहिले, दोघांनी कापड धरलं, आणि गप्प राहिले. गप्प राहणं हे ऐकायला सोपं वाटतं. दहा मिनिटांत माणसाला आपल्या हातांचं काय करावं हे कळेनासं होतं. पहारेकरी आतून खुर्ची टाकून त्यांच्याकडे पाहत बसला. आठवडाभरात त्याला एवढी करमणूक प्रथमच मिळत असावी.

फाटकाच्या बाजूलाच बसथांबा होता, ही गोष्ट योजनेत कुणी धरली नव्हती. गप्प, गंभीर माणसांची रांग दिसल्यावर येणारा प्रत्येक जण तिच्या शेवटी उभा राहायला लागला. साडेचारला रांगेत एकोणीस माणसं होती. त्याच वेळी गावातल्या वर्तमानपत्राचा छायाचित्रकार तिथून चालला होता, त्यानं पटकन फोटो घेतला. पाच मिनिटांनी नऊ नंबरची बस आली आणि चळवळीतले बारा जण तिच्यात चढून गेले. एक बाई जाता जाता कवळीवाल्यांना म्हणाल्या, "तुम्ही नाही येत? पुढची तासाभरानं आहे."

दुसऱ्या दिवशी छापून आलं: 'पालिकेसमोर एकोणीस जणांचे मूक आंदोलन.' घरात आनंद झाला. वडिलांनी बातमी भिंगातून वाचली, फोटो निरखला आणि विचारलं, "एकोणीस होते?"

"सात."

"मग कळव त्यांना. माप एकदा खोटं निघालं की पुढचं कुणी मानत नाही."

कवळीवाल्यांनी वर्तमानपत्राला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. आपलं आंदोलन छापलं गेलंय त्यापेक्षा लहान आहे, असं लेखी कळवणारा आंदोलक संपादकांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला असेल. पत्र छापून आलं, आणि त्यात आकडा मात्र नेमका सात होता.

दंतवैद्यानं ती बातमी वाचली होती. तो चांगला माणूस, पण त्याच्या भिंतीवर परवान्यांच्या चौकटी होत्या आणि त्या दरवर्षी नव्या करून घ्याव्या लागत. तो म्हणाला, "शनिवार तुमचा आहे, मी काही बोलत नाही." बोलला नाही खरंच. हळूहळू कचेरीतल्या लोकांच्या कवळ्या दुसऱ्या कारागिराकडे जायला लागल्या, आणि कवळीवाल्यांच्या फळीवरचे प्लास्टरचे जबडे कमी होत गेले.

प्रशासकांची कवळी मात्र त्याआधीच तयार होऊन गेली होती. तिसऱ्या शनिवारनंतरच्या बुधवारी प्रशासक दूरचित्रवाणीवर बोलले. कवळीवाले, बायको आणि वडील, तिघंही ऐकत होते. दोन महिने ज्या माणसाचं एक वाक्य धड कळत नव्हतं, त्याच्या तोंडून शब्द टाकसाळीतल्या नाण्यासारखा खणखणीत पडत होता. "निवडणूक, पुढील आदेश होईपर्यंत, स्थगित करण्यात येत आहे." स आणि श तर ऐकत राहावेत असे.

वडिलांनी विचारलं, "कवळी तुझी?"

"हो."

"छान बसलीय," वडील म्हणाले आणि उठून आत गेले.

बायकोनं दूरचित्रवाणी बंद केली. कवळीवाले खुर्चीतच बसून राहिले. ती थोडी सैल ठेवायला हवी होती का, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो आला याचीच त्यांना इतकी लाज वाटली की त्या रात्री ते धड जेवले नाहीत.

पुढचे शनिवार असेच उतरत गेले. सातांचे सहा झाले, सहांचे पाच. बेलिफांनी आधी गुडघ्याचं कारण सांगितलं, मग पुतण्याच्या नोकरीचं, आणि ते दुसरं कारण खरं होतं. विमेवाले मात्र एकही शनिवार चुकले नाहीत. हे सगळं व्यर्थ आहे हे पटवून द्यायला ते चार वाजता यायचे आणि पाचपर्यंत रांगेत शेजारी उभं राहून पटवायचे.

"सांगा ना, काय मिळालं? पाच शनिवार झाले. त्या भिंतीचा एक पोपडा तरी पडला का?"

"मूक आहे," शिंपीणबाई दात दाबून म्हणायच्या.

"तुम्ही मूक. मी आंदोलनात नाही."

पण मोजणीत ते धरले जायचे. ते धरून पाच.

कवळीवाल्यांजवळ त्यांच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, हे खरं दुःख. आठवडाभर कामाच्या फळीशी बसून ते उत्तर शोधायचे. कवळीचं बरं असतं, बसली की नाही ते लगेच कळतं. घरी बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "मी आठवडाभर उभी असते हो. पण माझ्यासमोर निदान पेशंट असतो." ती आली नव्हती एकदाही. यायला सांगण्याचा धीर त्यांना झाला नव्हता.

सातव्या शनिवारी वडील कपडे करून दारात उभे राहिले. गार वारा सुटला होता. बायकोची दुपारची पाळी होती, जाण्याआधी तिनं स्पष्ट सांगितलं, "बाबांना नेऊ नका. मला त्यांचा खोकला आवडत नाहीये." कवळीवाल्यांनी वडिलांना तसं सांगितलं. वडील म्हणाले, "ती म्हणते ते बरोबर आहे. चल."

त्यांनी एक घडीची खुर्ची बरोबर नेली, वडिलांना शाल गुंडाळली आणि रांगेच्या टोकाला बसवलं. दहा मिनिटांत एक पोलीस शिपाई आला. इतके दिवस कुणी फिरकलं नव्हतं, नेमका त्या दिवशी आला. त्यानं परवानगीचा कागद मागितला, बोट फिरवत वाचला.

"इथं 'उभे राहणे' लिहिलंय."

"उभेच आहोत."

"हे बसलेत." शिपायानं खुर्चीकडे बोट दाखवलं. "खुर्ची टाकली म्हणजे बैठक. बैठकीची परवानगी वेगळी असते."

"अहो, चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत!"

"मला दिसतंय हो." शिपायालाही अवघडल्यासारखं झालं होतं. "पण वरून कुणी विचारलं तर मी काय सांगू? एक करा, खुर्ची घ्या आणि यांना घरी न्या."

विमेवाले पुढे झाले, म्हणाले, "बाबा, चला, मी सोडतो तुम्हाला घरी." कवळीवालेही तेच म्हणाले. वडिलांनी ऐकून घेतलं. मग खुर्चीच्या हातावर जोर देऊन ते उठले, खुर्चीची घडी केली, शिपायाच्या हातात दिली आणि म्हणाले, "झालं तुमचं?"

ते पन्नास मिनिटं उभे राहिले. कवळीवाल्यांनी एका बाजूनं धरलं होतं, दुसऱ्या बाजूनं विमेवाल्यांनी, जे तेवढा वेळ चक्क गप्प होते. बरोबर पाच वाजता वडील म्हणाले, "आता चला," आणि त्यांचे पाय गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांना रुग्णालयात हलवलं. बायकोच्याच वॉर्डात जागा मिळाली. फुप्फुसात पाणी झालं होतं. बायको पाळी संपली तरी घरी येत नव्हती, पाळी सुरू व्हायच्या आधी जात होती. कवळीवाल्यांना ती काही बोलली नाही. तिनं भांडावं म्हणून त्यांनी दोनदा निमित्त काढून पाहिलं. ती म्हणाली, "त्यांची चादर बदलायचीय, जरा सरका."

नवव्या शनिवारी चार वाजता कवळीवाले त्या कॉटशी बसून होते. वडिलांनी डोळे उघडले. "गेला नाहीस?"

"बाकीचे आहेत तिथं."

"मागच्या वेळी किती होतो?"

त्यांना वाढवून सांगावंसं वाटलं, पण समोरचा माणूस मोजणीखात्यातला होता. "सहा."

"मी धरून?"

"तुम्ही धरून."

"बरोबर," वडील म्हणाले. "मीही सहाच मोजले होते." आणि मान वळवून झोपले. सोमवारी सकाळी ते गेले.

पुढचे बारा-तेरा दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. माणसं आली, गेली. विमेवाल्यांनी येऊन सगळी धावपळ केली आणि व्यवसायाबद्दल अवाक्षर काढलं नाही, यावरून त्यांना किती लागलं होतं ते कळावं. त्या मधल्या शनिवारी कवळीवाले घराबाहेर पडले नाहीत.

मग कागदांची कामं निघाली. माणूस जातो एकदा, पण कचेऱ्यांतून त्याला एकेक करून काढावं लागतं. पेन्शनमधून काढलं, बँकेतून काढलं. शेवटी मतदार यादीतून नाव कमी करायचा अर्ज घेऊन ते निवडणूक शाखेत गेले. शाखा म्हणजे पालिकेच्या मागच्या अंगाची एक खोली. टेबलं तीन, माणूस एक. काम नसल्यामुळे तो अतिशय सौजन्यानं वागला. खुर्ची दिली, पाणी दिलं, मृत्यूचा दाखला वाचून "फार वाईट झालं" म्हणाला.

"पण हे आत्ता नाही करता येणार," तो म्हणाला.

"का?"

"निवडणूक जाहीर झाल्याशिवाय यादी उघडत नाही. यादी गोठवलेली आहे."

"पण ते वारलेत."

"हो ना. पण यादीत आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे निवडणूक लागेपर्यंत ते मतदारच." आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्यानं आवाज खाली आणला. "निवडणूक लागली की या. मी स्वतः काढतो नाव. पहिलं तुमचं काढतो."

कवळीवाले पाण्याचा पेला खाली ठेवून उठले. मग अर्जाची घडी करून घरी आले. बायको नुकतीच कामावरून आलेली, पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. त्यांनी तिला जसंच्या तसं सांगितलं. ऐकता ऐकता ती हसायला लागली. कवळीवाल्यांना आधी बरं वाटलं, मग भीती वाटली, कारण हसू थांबेना, आणि थांबलं तेव्हा ते हसू राहिलं नव्हतं. तिनं टॉवेल तोंडावर दाबला. ते शेजारी जमिनीवर बसले. पाणी गार होईपर्यंत दोघं तशीच बसून होती.

"मी नेलं त्यांना," ते म्हणाले.

"माहितीये मला." तिनं टॉवेल खाली घेतला. "ते तुमचं ऐकून राहणारे नव्हते, हेही माहितीये. तरी राग आहे मला. राहील थोडे दिवस." मग पाय पुसत म्हणाली, "तुमचं ते किती वाजता असतं?"

त्या शनिवारी ती रुग्णालयातून परस्पर आली, पायात कामावरचेच पांढरे बूट. शिंपीणबाई होत्या, विमेवाले होते, आणखी एक जण होता. कापड फाटकाकडे तोंड करून धरलं होतं. तिनं रांगेकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं, बंद खिडक्यांकडे पाहिलं.

"इतके आठवडे असेच उभे होता तुम्ही?"

"हो."

"आत कुणी नाही ना?"

"नाही. शनिवार आहे."

"मग पाठ कुणाला दाखवताय?"

विमेवाल्यांनी तोंड उघडलं. मुद्दा खरं तर त्यांचा होता, पण अशा बाजूनं त्यांनाही तो सुचला नव्हता. शिंपीणबाई वळल्या. कापडाचं दुसरं टोक कवळीवाल्यांच्या हातात होतं, त्यामुळे त्यांनाही वळावं लागलं. मग सगळेच वळले.

रस्ता चांगला वाहता होता. इतके दिवस तो नुसता मागून ऐकू येत असे. पिशव्या घेतलेली माणसं, सायकली, मुलाचं बोट धरून चाललेली एक बाई, आणि ती सगळी येता येता कापडाकडे बघत होती, मग यांच्या तोंडाकडे. कवळीवाल्यांना अंगावर कुणीतरी दिवा धरल्यासारखं झालं. नजर कुठं ठेवावी ते कळेना.

एक रंगारी खांद्यावर शिडी घेऊन चालला होता. पुढे गेला, थांबला, शिडीसकट वळून परत आला. वळताना ती शिडी विमेवाल्यांच्या कानावरून गेली.

"कसली निवडणूक?"

"नगरपालिकेची," बायको म्हणाली.

"ती झाली नाही का?"

"नाही."

"मला वाटलं, झाली असेल." त्यानं शिडी खाली टेकवली. "कधीपासून नाही झाली?"

"साडेतीन वर्षं."

रंगाऱ्यानं त्या पाच जणांकडे एकेक करून पाहिलं. त्याच्या भुवयांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके होते. "साडेतीन वर्षं," तो म्हणाला, "आणि कुणी काही बोललं नाही?"

शिंपीणबाईंनी कवळीवाल्यांकडे पाहिलं. विमेवाल्यांनीही पाहिलं. आंदोलन मूक होतं, परवानगीच्या कागदावर तसं लिहिलेलं होतं, घोषणा नाही, भाषण नाही.

"थांबा दोन मिनिटं," कवळीवाले रंगाऱ्याला म्हणाले. "सांगतो."

आणि पहिल्यापासून सांगायला लागले.